पाच वाढले

समताला येत नाही अशी गोष्ट अजून जगात जन्माला यायची होती. निदान समताचं तरी तसंच मत होतं. नववीतली पोरगी, दोन वेण्या, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या आणि तोंडात कायम दोन शब्द: "मले येते." मैत्रिणीच्या सायकलची चेन पडली, मले येते. मॅडमच्या मोबाइलवर फॉर्म भरायचाय, मले येते. आणि खरं सांगायचं तर यायचंही. दहातल्या नऊ वेळा यायचं. ही गोष्ट दहाव्या वेळेची आहे.

पिंपळगाव राजाच्या तिच्या शाळेत यंदा नववीसाठी मातीकामाचा वर्ग निघाला होता. शनिवारची सकाळची शाळा सुटली की चोवीस पोरंपोरी गावाच्या टोकाला जनकाबाईच्या अंगणात जमायची. कागदोपत्री हा वर्ग चित्रकलेच्या राजकुमार सरांचा. पण सरांच्या पांढऱ्या शर्टाला वर्षभरात मातीचा एक डाग पडला असेल तर शपथ. शिकवायची जनकाबाई. साठी ओलांडलेली, अंगानं काटक आणि बोलायला अगदी हात आखडून. पहिल्या शनिवारी तिनं तलावातली गाळमाती, राख आणि गाढवाची लीद पोरांच्या पुढ्यात ओतली आणि म्हणाली, "कालवा." निम्म्या वर्गानं नाक धरलं. समता सलवार वर खोचून तुडवायला उतरली. जनकाबाईनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तिच्या पायाशी आणखी एक घमेलं माती रिकामी केली.

चाकाला हात लावायला कोणालाच मिळालं नाही. "आधी बोटाइले शिकवा, मंग चाकाले," असं जनकाबाईनं सांगून टाकलं. मातीच्या वळ्या करायच्या, एकावर एक चढवायच्या, सांधे बोटानं मिटवायचे आणि लाकडाच्या थापीनं हलके थापटत भांड्याला पोट आणायचं. वर्षअखेर प्रत्येकानं आपल्या हातची एक वस्तू द्यायची आणि तिच्याबद्दल एक पान लिहायचं, हे सरांचं डोकं. काय केलं, काय चुकलं, काय शिकलो. वस्तू आणि पानं प्रदर्शनात मांडायची. संस्थेचे अध्यक्ष भगवंतराव पाहुणे म्हणून येणार होते, त्यामुळे सरांचा जीव आतापासूनच वरखाली होत होता.

ज्ञानेश्वरनं हत्ती केला, तो सगळ्यांना डुक्कर वाटला. दोघांनी कुंड्या केल्या. करिष्मानं दही लावायचं गाडगं केलं, झाकणीसकट. ही करिष्मा समताची पहिलीपासूनची मैत्रीण आणि स्वभावानं तिच्या अगदी उलटी. एक वळी चढवली की उठून जनकाबाईकडे जायची. "मावशी, बरोबर हाये का?" दुसरी चढवली की पुन्हा. झाकणी गाडग्यावर नीट बसेपर्यंत तिचे पाच शनिवार गेले.

"प्रत्येक वळीले सही घेतं का वं?" समता तिला चिडवायची.

"पुसलं तर काय बिघडते?" करिष्मा म्हणायची आणि पुन्हा विचारायला जायची.

समतानं घेतली सुरई करायला. गोल पोट, उंच मान. जनकाबाई म्हणाली, "पयल्या साली मानेचं भांडं नको घेऊ." त्यावर समतानं काय उत्तर दिलं ते सांगायला नकोच. तिचे बाबा किसनराव नांदुऱ्याच्या अलीकडच्या रेल्वे फाटकावर गेटमन होते. उन्हाळ्यात फाटकावरची खोली तव्यासारखी तापायची आणि बाटलीतलं पाणी घशाखाली उतरायचं नाही. यंदा फाटकावर माझ्या हातची सुरई राहील, असं तिनं बाबांना सांगून टाकलं होतं. बाबांनी ते दुसऱ्या पाळीच्या जोडीदाराला सांगितलं, जोडीदारानं आणखी चौघांना. आता माघार घ्यायची सोय नव्हती.

सुरई झाली मात्र देखणी. जनकाबाईसुद्धा तिच्याभोवती एक चक्कर मारून "हूं" म्हणाली, आणि तिचं हूं म्हणजे दुसऱ्या कोणाचं अर्धा तास कौतुक. समताला राहवलं नाही. सगळ्यांची भांडी जनकाबाईच्या पडवीत सावलीला वाळत असताना तिनं आपली सुरई गोणपाटात गुंडाळली आणि आईला दाखवायला सायकलच्या कॅरिअरवर बांधून घरी नेली. रस्ता आपल्याकडचा. घरी गोणपाट सोडलं तर सुरईच्या बुडाला दोन बोटं लांब चीर.

यावर उपाय एकच होता आणि तो तिला माहीत होता. जनकाबाईला दाखवायचं. ती म्हणाली असती, मोड, भिजव, पुन्हा कर. पण भांडी बुधवारी भाजायला आव्यात, म्हणजे भट्टीत, जाणार होती आणि हातात दोन दिवस होते. समतानं चीर चाकूनं कोरली, तिच्यात ओली माती ठासून भरली, बोटानं गुळगुळीत केली आणि वरून गेरूचा हात फिरवला. पाहणाऱ्याला काही कळलं नसतं.

पाहणाऱ्याला कळलं नसतं, पण जनकाबाई भांडं पाहायचीच नाही, गालाला लावायची. गार लागलं की आत ओल. बुधवारी दुपारी पडवीत रांग लागली आणि जनकाबाई एकेक भांडं गालाला लावून आव्याकडे ठेवत गेली. समताला हेही माहीत होतं. म्हणून तिनं सकाळपासून सुरई शाळेच्या गच्चीवर उन्हात पालथी ठेवली होती. बूड कसं उबदार!

"कोनाच्या भांड्यात ओल असन तर आताच सांगा," जनकाबाई म्हणाली. "मंग मी नाई पुसणार. मंग आवाच सांगते."

सुरई तिच्या गालाला होती आणि डोळे समतावर.

"नाई मावशी," समता म्हणाली.

संध्याकाळी आवा लागला. खाली गोवऱ्या, वर भांडी, भोवती कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या, आणि सगळ्यावर मातीचा लेप. त्याच दिवशी सरांनी सगळ्यांची पानं गोळा केली, कारण त्यांना फलक सजवायचा होता. भांडी अजून आव्यात आणि भांड्यांवरचं चिंतन फलकावर, असा सगळा प्रकार. समतानं आपलं पान ठसठशीत अक्षरात लिहून दिलं होतं. ‘सुरई भट्टीतून टणटणीत निघाली,’ असंसुद्धा त्यात होतं. सरांना ते इतकं आवडलं की प्रदर्शनात पाहुण्यांपुढे तेच वाचायचं ठरलं.

शुक्रवारी सकाळी जनकाबाईनं आवा उघडला आणि सरांना फोन लावला. सर तेव्हा गाडीवर होते, हेल्मेटमध्ये मोबाइल खुपसून.

"सर, पाच वाढले," जनकाबाई म्हणाली.

"वाढले? अरे वा! मावशी, मोठ्या मनाच्या तुम्ही!"

जनकाबाईला हे उत्तर जरा चमत्कारिक वाटलं, पण शिकलेली माणसं काहीही बोलतात म्हणून तिनं फोन ठेवला. सरांनी हिशेब केला. चोवीस पोरांची चोवीस, बाईंनी आपल्याकडून घातलेली पाच. लगेच खामगावला फोन करून त्यांनी फ्लेक्सवर मजकूर वाढवून घेतला: ‘२४ विद्यार्थी, २९ कलाकृती’. भगवंतरावांना आकड्यांची भारी हौस, हे सर जाणून होते.

दुपारी भांडी आणायला समता आणि करिष्मा रिक्षातून निघाल्या, मांडीवर रद्दीचा गठ्ठा. अंगणात भांडी ओळीनं मांडून ठेवलेली होती. तांबूस, खणखणीत, अजून जराशी कोमट. त्यांच्या बाजूला एका गोणपाटावर खापरांचा ढीग होता. ढिगातून हत्तीचे चार पाय वर आलेले. करिष्माची नजर ओळीवरून फिरली, पुन्हा फिरली आणि गोणपाटावर येऊन थांबली. तिच्या गाडग्याची झाकणी तिथं धड होती. गाडगं नव्हतं.

"मावशी, माह्यं फुटलं?"

"फुटलं नाई म्हनत आव्यापाशी," जनकाबाई म्हणाली. "वाढलं म्हन."

आता हा शब्द कोणाला माहीत नाही? बांगडी फुटली असं आपल्या बायका म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. देवापुढचा नारळही वाढवायचा असतो. जनकाबाईच्या सासरी ही रीत थेट आव्यापर्यंत पोचली होती. माहीत सगळ्यांना असतं. पण गाडीवर, हेल्मेटच्या आत, भगवंतराव डोक्यात असताना ते आठवेलच असं नाही.

"पाच वाढले," जनकाबाई म्हणाली. "तुहं, त्या हत्तीवाल्याचं, दोन कुंड्या. अन् हिची सुरई."

"कोनाच्यानं वाढले?" करिष्मानं झाकणी उचलत विचारलं.

ओलं भांडं आव्यात तापलं की आतली वाफ त्याला फोडते आणि शेजारच्यांनाही घेऊन जाते. हे जनकाबाईनं पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. जनकाबाई वाकली, ढिगातून एक जाड खापर उचललं आणि काही न बोलता समताच्या हातावर ठेवलं. सुरईचं बूड. त्याच्या फुटलेल्या कडेला माती दोन रंगांची होती, जुनी एक आणि ठासलेली एक, मध्ये सरळ रेघ.

"आव्याच्या पोटात कोन पाहाले गेलं," जनकाबाई करिष्माला म्हणाली. मग समताकडे वळली. "ठेव तुह्यापाशी."

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं समताला वाटलं. तिनं खापर ओढणीत गुंडाळलं. तोंड उघडायची हीच वेळ होती आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या तोंडातून शब्द फुटेना.

परतताना रिक्षात करिष्मा झाकणी मांडीवर धरून बसली होती. "माह्यंच कच्चं राह्यलं असन," ती म्हणाली. "झाकणीच्या नादात बुडाकडे पाह्यलंच नाई मी. माह्यामुळं बाकीच्याइचे गेले. तुही सुरई बी गेली ना वं." आणि तिनं समताचा हात धरला. समताला तो हात चटका बसावा तसा लागला. आपण किती खालच्या थराला गेलो हे तिला त्या रिक्षात नेमकं कळलं, आणि तरीही ती गप्प बसली.

शाळेत सरांनी भांडी मोजली. एकोणीस. पुन्हा मोजली. तेवढीच.

"एकोणतीस पाहिजेत ना? पाच वाढले ना?"

"सर, वाढले म्हणजे फुटले," करिष्मा म्हणाली.

सर खुर्चीत बसले. समोर भिंतीवर फ्लेक्स टांगलेला होता, त्यावरचा २९ आकडा दारातूनही दिसत होता. सरांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. आणि चिडलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं: दोषी शोधायला हात लांब केला आणि जो जवळ नव्हता त्याला धरलं.

"बाईंना आवा नीट लावता आला नाही, दुसरं काय! फोनवर नीट बोलता येत नाही. पुढच्या वर्षी मी माणूसच बदलतो. नांदुऱ्याला कोणी मिळतो का पाहतो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आता असं करू. बाईंकडची दहा भांडी आणून मांडू. भगवंतरावांना काय कळणार आहे! समता, त्यांच्याकडे एक सुरई आहे ना? तिच्याखाली तुझं नाव लावू. तू पान वाच, काही बदलू नको."

खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडणं म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की खरं खापर या वेळी समताच्या ओढणीत होतं. करिष्मा कोपऱ्यात बसून फलकावरच्या आपल्या पानाखाली नवी ओळ लिहीत होती. समतानं मान वाकडी करून वाचली. ‘माझं गाडगं कच्चं राहिलं, त्यामुळे इतरांचं नुकसान झालं.’

शनिवारी सकाळी किसनराव इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. त्यांनी फाटकावर बदली माणूस ठेवून दिवसभराची रजा काढली होती. हातात सागाची लहानशी तिवई, सुताराकडून मापानं करून आणलेली. "सुरईले बसायले पायजे ना काही," ते म्हणाले. समता त्यांच्यामागे शाळेत गेली आणि वाटभर एकदाही बोलली नाही. किसनरावांना वाटलं, पोरगी भाषण पाठ करते आहे.

दहा वाजता भगवंतराव आले. फेटा, धोतर, खिशात पेन. आल्या आल्या त्यांनी टेबलांच्या कडेनं फिरत बोटानं भांडी मोजली आणि एकोणतीस भरल्यावर समाधानानं मान हलवली. मागच्या टेबलावर जनकाबाईची सुरई होती, बारीक नक्षीची, आणि तिच्याखाली चिठ्ठी: समता. जनकाबाई पहिल्या ओळीच्या टोकाला स्वच्छ लुगडं नेसून बसली होती. आपली भांडी पोरांच्या नावावर पाहून तिनं एकदा सरांकडे पाहिलं होतं. सरांनी नजर चुकवली होती.

सरांनी नाव पुकारलं. समता दप्तर खांद्यावर घेऊनच माइकपुढे गेली. सर दप्तराकडे खुणा करत राहिले, तिनं लक्ष दिलं नाही. पान उघडलं. आणि काल दुपारपासून गेलेला तिचा आवाज तिला तिथं, अडीचशे माणसांसमोर, सापडला.

"‘मी ही सुरई सात शनिवार खपून केली,’" तिनं वाचलं. "हे खरं आहे."

लोक हसले. सरही हसले.

"‘चाक न वापरता केवळ वळ्या लावून मी तिला आकार दिला.’ हे पण खरं आहे. ‘ती वाळवताना मी पूर्ण काळजी घेतली.’" तिनं मान वर केली. "हे खोटं आहे. म्या तिले सायकलवर घरी नेलं. बुडाले चीर पडली. मावशीले नाई सांगतलं. ओली माती भरली अन् वरून गेरू लावला."

आता कोणी हसलं नाही. पुस्तकातली भाषा गळून पडल्याचं समताच्या लक्षातही आलं नव्हतं.

"‘माझ्या गुरू जनकाबाई यांनी भांडं तपासून पसंती दिली.’ दिली, पन म्या फसवली. मावशी गालाले लावून ओल पाह्यते. म्हून म्या सुरई सकाळपासून उन्हात पालथी ठेवली. ‘सुरई भट्टीतून टणटणीत निघाली. टिचकी मारली की घंटेसारखी वाजते.’"

तिनं दप्तरात हात घातला, खापर काढलं आणि माइकसमोर धरून त्यावर टिचकी मारली. खट् असा एक बद्द आवाज झाला.

"हे माही सुरई," ती म्हणाली. "ओली होती म्हून आव्यात उडाली. संग चार भांडे घेऊन गेली. ज्ञानेश्वरचा हत्ती, दोन कुंड्या अन् करिष्माचं गाडगं. करिष्मानं तिच्या पानावर लिहिलं का तिचंच कच्चं होतं. ते खोटं हाये. तिचं वर्गात सगळ्यात पक्कं होतं, कारन का तिनं हरेक वळी पुसून लावली. मावशीचा आवा बी बरोबर होता. मी चुकली."

मग ती मागच्या टेबलाकडे गेली, नक्षीच्या सुरईखालची आपल्या नावाची चिठ्ठी काढली आणि तिथं खापर ठेवून त्याच्याखाली लावली.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. भगवंतराव सावकाश उठले आणि फ्लेक्सपाशी गेले.

"मंग हे एकोणतीस काय हाये?"

"यातली दहा बाईंची आहेत. पाच वाढले असा फोन आला होता," सर कसेबसे म्हणाले. "मला वाटलं, वाढले म्हणजे..."

भगवंतरावांच्या मिशा हलायला लागल्या आणि पोट धरून हसावं तसे ते हसले. "सर, तुमच्या घरी बांगडी वाढली तर तुमी काय दोन मोजता का?" शाळेचा हॉल हसण्यानं दणाणला. सरांच्या सौ. तिसऱ्या ओळीत होत्या, त्या सर्वांत जास्त हसल्या. भगवंतरावांनी खिशातला पेन काढला, २९ वर काट मारून १९ लिहिलं आणि मगच खुर्चीवर येऊन बसले. आकडा चुकीचा असला की त्यांना जेवण जात नसे.

"जनकाबाई, तुमाले काही बोलायचं?" त्यांनी विचारलं.

जनकाबाई उठली. माइककडे गेली नाही, जागेवरूनच बोलली.

"चाळीस वरसं झाले भांडं गालाले लावून राह्यली. मले आजवर कोनी फसवलं नाई. हे पोट्टीनं फसवलं. खापर पाह्यलं तवाच मले समजलं होतं. मी सांगू शकत होती. पन मी सांगतलं असतं तर ते माह्यं सांगनं झालं असतं. आता तिनं सांगतलं. मंग आता तिनंच कुटावं."

"काय कुटावं?" भगवंतरावांनी विचारलं.

"खापर. भाजलेलं खापर कुटून, चाळून नव्या मातीत टाकलं का ते माती तडकत नाई. एका भांड्याचं खापर दहा भांड्याइले पुरते. म्हून तर वाढलं म्हनतो. तुमाले काय वाटलं, उगाच म्हनतो?"

टाळ्या पडल्या, पण जनकाबाई खाली बसूनही गेली होती. भगवंतरावांनी सरांना विचारलं, पुढच्या वर्षी वर्ग कोण घेणार. सर म्हणाले, "म्हणजे काय, जनकाबाईच. दुसरं कोण?" आणि ते अशा ठामपणे म्हणाले, की नांदुऱ्याचं नाव त्यांनी कधी काढलंच नव्हतं असं कोणालाही वाटावं.

किसनराव लेकीजवळ आले. समतानं त्यांच्या हातातल्या तिवईकडे पाहिलं आणि आता मात्र तिचे डोळे भरले.

"तिवईले काही घाई नाई," किसनराव म्हणाले. "सागाची हाये."

करिष्मा मात्र आली नाही. ती फलकापाशी गेली, आपलं पान काढलं, घडी घालून दप्तरात ठेवलं आणि समताकडे न पाहता घरी गेली. त्या आठवड्यात ती दुसऱ्या बाकावर बसली. समतानं तिला समजावायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. इथं "मले येते" चालणार नव्हतं.

पुढच्या शनिवारी समता एकटी जनकाबाईच्या अंगणात आली. वर्ग संपला होता, यायची सक्ती नव्हती. जनकाबाईनं उखळाकडे बोट दाखवलं. समतानं आधी सुरई कुटली. मग कुंड्या. मग हत्तीचे पाय, एकेक करून. दुपारपर्यंत तिच्या तळहाताला फोड आले, भुवया लाल झाल्या आणि चाळणीखाली तांबड्या भुकटीचा ढीग जमला. गाडग्याची खापरं तिनं शेवटी ठेवली होती. ती उचलायला वाकली, तेव्हा अंगणाच्या फाटकात सायकल टेकवल्याचा आवाज झाला.

करिष्मा आत आली. तिनं खापरांकडे पाहिलं, समताच्या हातांकडे पाहिलं आणि पिशवीतून झाकणी काढून उखळाच्या काठावर ठेवली.

"हे तेवढी राह्यली," ती म्हणाली. "याच्यावर बसन असं गाडगं पायजे मले. तू कर."

समताच्या ओठांवर ते दोन शब्द आलेच होते. सवयीनं आले होते. तिनं ते गिळले. झाकणी हातात घेऊन ती जनकाबाईकडे गेली आणि वर्षभरात पहिल्यांदा तिनं विचारलं, "मावशी, तोंड किती मोठं ठेवू?"

जनकाबाईनं हातातलं काम थांबवलं. झाकणी जमिनीवर उपडी ठेवली, तिच्याभोवती मातीत काडीनं एक मोठा गोल काढला. "माती वाळताना आटते, भाजताना आनखी आटते. चहुबाजूनं एक बोट जास्त ठेव. मंग बसते बरोबर."

समतानं झाकणीच्या कडेला आपलं बोट टेकवलं. मग ते उचललं आणि मागं वळली.

"ये वं इकडं," ती करिष्माला म्हणाली. "तुहं बोट ठेव. गाडगं तुहं हाये."